आपल्या टीव्हीचं माहेर कुठलं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळात दरवर्षी खेळ असतात. उखाणे, संगीत खुर्ची, एका मिनिटात जास्तीत जास्त टिकल्या लावणं... तेच तेच करून कंटाळा आला म्हणून एका वर्षी मी नवाच खेळ काढला. ‘चॅनेलचं माहेरचं नाव सांगा!’

‘झी मराठी?’ म्हटल्याबरोबर चाळिशीपुढच्या सगळ्या एका सुरात ओरडल्या, ‘अल्फा!’ ‘कलर्स मराठी?’ ‘ईटीव्ही!’ ‘एबीपी माझा?’ ‘स्टार माझा!’ नव्या सुना मात्र एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. त्यांच्या लेखी ही चॅनेल जन्मापासून याच नावाची. शेवटी आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू (सत्तरी ओलांडलेली, मालिकांचं ज्ञान अफाट) वाणाची सुगडं सरकवत म्हणाल्या, ‘‘त्यात काय वं एवढं? सासर बदललं का नाव बदलते. आपलं नाही बदललं का?’’

सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले. पण रात्री तिळगुळाचे डबे आवरताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आपलं नाव बदलताना निदान विचारल्यासारखं तरी केलं होतं. (कुणाकुणाला तेही नाही.) पण ज्या चॅनेलसमोर आपण रोज संध्याकाळी बसतो, ज्यांच्या नावात ‘मराठी’ आणि ‘माझा’ असे शब्द आहेत, ती आली कुठून? आणि त्यांच्या नावातली ही ‘मराठी’ म्हणजे नेमकी कोण? तुम्ही, मी, की आणखी कुणी तिसरीच?

सुरुवात अर्थातच दूरदर्शनपासून. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा चॅनेलचं नाव, बोधचिन्ह, घोषवाक्य असल्या भानगडीच नव्हत्या, कारण दुसरं चॅनेलच नव्हतं. ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘सुंदर माझं घर’ ही नावं आजही मुंबई-पुण्याच्या बायका किती प्रेमानं घेतात! स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या वाचायची, हे तर सगळ्यांना पाठ आहे. पण खरं सांगू? अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम लवकरच दिसू लागले. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा गावच्या छोट्या मनोऱ्यावरून दिसायची ती मुख्यतः दिल्ली. ‘रामायण’ आम्ही पाहिलं १९८७ मध्ये, सगळी आळी एका घरात कोंबून. ‘गजरा’ म्हणजे काय, हे सुट्टीत आलेल्या मुंबईच्या मावसबहिणीकडून ऐकलं. म्हणजे मराठी टीव्हीचा जन्म झाला तेव्हा आपण त्या बारशाला नव्हतोच!

पुढे उपग्रह आला आणि १९९४ मध्ये मराठीसाठी वेगळी वाहिनी झाली. आधी तिला नुसता नंबर होता, डीडी-१०. मग २००० च्या सुमारास तिचं ‘सह्याद्री’ असं छान नामकरण झालं. नाव सुंदरच आहे. फक्त आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो, सह्याद्री नाही! गमतीत म्हणते आहे, रागावू नका. त्या वाहिनीनं ‘सखी सह्याद्री’सारखा कार्यक्रम दिला, कर्तबगार बायांना ‘हिरकणी’ पुरस्कार दिले, आणि प्रतीक्षा लोणकरची ‘दामिनी’ही दूरदर्शनचीच. दुपारची धुणीभांडी उरकून रोज एक मराठी मालिका बघायची, ही सवय आपल्याला तिनंच लावली.

आणि मग आली अल्फा. १५ ऑगस्ट १९९९. ‘अल्फा’ हे काही मराठी नाव नव्हे, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर. झीनं प्रादेशिक चॅनेल काढली तेव्हा सगळ्यांना तेच नाव दिलं. अल्फा मराठी, अल्फा बांगला, अल्फा पंजाबी, अल्फा गुजराती. एकाच साबणाला चार रंगांची वेष्टनं असतात ना, तसं. पण वेष्टनाच्या आत ‘आभाळमाया’ होती! सुधा जोशी शिकलेली, नोकरी करणारी, नवऱ्यानं फसवलं तरी कणा ताठ ठेवणारी. मी तेव्हा बी.ए.ला होते. आमच्या हॉस्टेलवर त्या मालिकेच्या वेळी मेसचा आचारीसुद्धा टीव्हीसमोर असायचा. लग्न होऊन सासरी आले तर सासूबाईंची ‘अवंतिका’ चालू होती. माझं आणि त्यांचं पहिलं मनमोकळं बोलणं झालं ते अवंतिकाच्या नवऱ्याला दोघींनी मिळून शिव्या घालताना. चॅनेलवाल्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

पण तेव्हाही एक गोष्ट खटकायची. या मालिकांतली घरं मुंबई-ठाण्या-पुण्याची, बोलणंही तिथलंच. आपल्यासारखं बोलणारी बाई आली, तर ती कामवाली नाहीतर गावाकडून आलेली बावळट आत्या. हसवायला ठेवलेली.

याच्या उलट गंमत ईटीव्हीची. ९ जुलै २००० ला ईटीव्ही मराठी सुरू झालं. ईटीव्ही म्हणजे ईनाडू टीव्ही. ‘ईनाडू’ हे रामोजी राव यांचं तेलुगू वर्तमानपत्र आणि चॅनेलचा कारभार हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. मराठी बातम्या देणारी मुलं-मुली घरदार सोडून हैदराबादला राहायची. म्हणजे नाव तेलुगू, पत्ता हैदराबादचा. पण आमच्या तालुक्याचं नाव टीव्हीवर मी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच चॅनेलवर! वर्तमानपत्र चालवणाऱ्याला जिल्ह्याची बातमी काय असते ते कळत असणार. करमणुकीत त्यांनी ‘चार दिवस सासूचे’ दिली. २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड सासू-सुना म्हणून आपल्याबरोबरच म्हाताऱ्या होतात की काय, असं वाटायला लागलं होतं.

त्याच सुमारास ‘तारा मराठी’ नावाचंही चॅनेल निघालं होतं. आठवतं का कुणाला? फार दिवस टिकलंच नाही. असो.

तर काकूंच्या भाषेत सांगायचं, तर मग सासरं बदलायला लागली. २००५ मध्ये झीनं सगळ्या अल्फांना आपलं नाव दिलं. हे म्हणजे घरच्याच मुलीला घरचं आडनाव लावणं. ईटीव्हीचं मात्र खरोखर सासर बदललं. मालकी नव्या घरात गेली आणि मार्च २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीचं ‘कलर्स मराठी’ झालं. तिच्या कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया बहिणीही एका मांडवात कलर्स झाल्या. तेलुगू ईटीव्ही तेवढी माहेरी राहिली. बातम्यांचं ‘स्टार माझा’ २००७ चं. स्टारशी काडीमोड झाल्यावर २०१२ मध्ये ते ‘एबीपी माझा’ झालं. एबीपी म्हणजे कोलकात्याची आनंदबझार पत्रिका. पुढचं नाव बदललं, मागचं ‘माझा’ तसंच ठेवलं. कारण उघड आहे. प्रेक्षकाचा जीव असतो तो त्या ‘माझा’वर.

नावं ठेवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत बरं का. झी, कलर्स, २०१८ मध्ये आलेलं सोनी, २०२१ मध्ये आलेलं सन, या सगळ्यांनी आपलं घराणं पुढे ठेवलं आणि मागे ‘मराठी’ लावलं. स्टारनं मात्र २००८ मध्ये बंगालीसाठी ‘जलसा’ आणि आपल्यासाठी ‘प्रवाह’ असे भाषेतलेच शब्द निवडले. ऐकायला अगदी घरचे! आणि गंमत बघा, नाव इतकं घरचं असलेल्या प्रवाहवरच परगावच्या गोष्टी सगळ्यांत जास्त आल्या.

‘आई कुठे काय करते’चंच घ्या. अरुंधती देशमुख आपल्याला इतकी आपली वाटली, की आमच्या बचत गटाची एक मीटिंग तिच्या घटस्फोटासाठी पुढे ढकलली होती. पण ही गोष्ट मुळात बंगाली. स्टार जलसावरची ‘श्रीमयी’, २०१९ ची. तीच हिंदीत ‘अनुपमा’, तमिळमध्ये ‘बाक्यलक्ष्मी’, तेलुगूत ‘इंटिंटि गृहलक्ष्मी’, मल्याळममध्ये ‘कुटुंबविळक्कु’. म्हणजे एकाच वेळी सहा भाषांतल्या बायका एकाच बाईसाठी डोळे पुसत होत्या! घरासाठी झिजलेली आई, बाहेर दुसरीत गुंतलेला नवरा, ‘तुला काय कळतं’ म्हणणारी मुलं. फरक कुठे? हिंदीत घर अहमदाबादच्या शहा कुटुंबाचं, आपल्याकडे देशमुखांचं. तिथे अनुपमा नाचते, इथे अरुंधती गाते. मला हा बदल फार बोलका वाटला. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरातली बाई लग्नाआधी गाणं शिकत होती आणि लग्नानंतर तंबोरा माळ्यावर गेला, ही गोष्ट प्रेक्षकाला न सांगता पटते. ज्यानं कुणी हे ठरवलं, त्याला आपलं घर माहीत होतं.

प्रवाहवरचीच ‘सहकुटुंब सहपरिवार’ तमिळ ‘पांडियन स्टोअर्स’वरून आली, ‘रंग माझा वेगळा’ मल्याळमवरून, ‘फुलाला सुगंध मातीचा’ राजस्थानातल्या ‘दिया और बाती हम’वरून. या कलमी झाडांवर पुष्कळ जण नाक मुरडतात. मला ते पूर्ण पटत नाही. काळ्या रंगावरून सुनेला बोलणारी सासू केरळातही आहे आणि आमच्या गल्लीतही आहे. शिवाय देवघेव दोन्हीकडून आहे. आपली ‘तुला पाहते रे’ कन्नडमध्ये गेली, ‘तुझ्यात जीव रंगला’ही गेली. माझं दुखणं वेगळं आहे. गोष्ट बाहेरून आयती येते, तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय चाललंय हे बघायला कुणाला यावंच लागत नाही. साडी नऊवारी करा, सणाला पुरणपोळी दाखवा, मराठी झाली! कपाशीला भाव नाही म्हणून अडकलेलं लग्न, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे चकरा मारणारी बाई, ही गोष्ट कोलकात्याहून कशी येणार?

मधली काही वर्षं मात्र चित्र बदललं होतं, आणि ते का बदललं हे फार कमी जणींना माहीत आहे. कोणती मालिका किती घरांत दिसते, ते मोजायला काही निवडक घरांत यंत्रं बसवतात. त्यावरून टीआरपी ठरतो आणि टीआरपीवर जाहिरातीचा पैसा. कितीतरी वर्षं ही यंत्रं शहरांतच होती. खेड्यातली घरं मोजणीत नव्हतीच. ‘बार्क’ नावाच्या संस्थेनं ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. आता पुढच्या तारखा बघा. २०१६ मध्ये मालवणी बोलणारी ‘रात्रीस खेळ चाले’, कोल्हापूरची ‘तुझ्यात जीव रंगला’, नागपूरच्या राधिकाची ‘माझ्या नवऱ्याची बायको’. २०१७ मध्ये साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’. सगळं श्रेय त्या यंत्राला देणार नाही, लेखक-कलाकारांचं काम आहेच. पण आपण मोजले गेलो आणि लगेच पडद्यावर दिसायला लागलो, याला निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही.

राधिकेमुळे आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक पुण्याला दिली आहे. शिकलेली, हुशार पोरगी. पण सासरी तोंड उघडलं की ‘‘मी करून राहिली’’, ‘‘मले माहीत नाही’’ असं निघायचं आणि जावा-नणंदा हसायच्या. दोन वर्षं तिनं बोलणंच कमी केलं. फोनवर आईला म्हणायची, ‘‘इथे मी मुकीच बरी.’’ राधिका सुरू झाली तेव्हा आधी त्रास वाढलाच. घरात तिला ‘राधिका’ म्हणून चिडवायला लागले. पण मालिकेतली राधिका मसाले विकत विकत मोठी झाली, शहरी नवऱ्याला तिनं पाणी पाजलं, आणि तिच्या सासूबाई रोज आठ वाजता टीव्हीपुढे बसून राधिकेच्या बाजूनं भांडायला लागल्या. एक दिवस त्याच सुनेला म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे वांग्याची भाजी कशी करतात गं? तिच्यासारखी कर.’’ पोरीनं आईला फोन करून हे सांगितलं तेव्हा दोघी रडल्या. वांग्याच्या भाजीवरून! ज्यांची भाषा पुस्तकात आणि टीव्हीवर आयती मिळते, त्यांना हे रडणं कळणं अवघड आहे.

(राधिकेनं मसाल्यातून कोट्यवधींची कंपनी उभारली तेव्हा मात्र आमचा गट हसून लोळला. आम्हीही तिखट-मसाला करतो. अन्नपरवाना, पाकिटांचा खर्च, उधारी वसूल करायला दुकानदारांच्या दारात घातलेले खेटे हे सगळं वजा जाता दिवाळीला प्रत्येकीच्या हातात साडीपुरते पैसे येतात. चॅनेलनं एकदा आमच्या गटात येऊन बसावं.)

राधिकेची मालिका संपली, तशी वऱ्हाडी पुन्हा मागे सरकली असं मला वाटतं. मराठवाड्याची किंवा खानदेशची बोली मध्यवर्ती पात्राच्या तोंडी ठसठशीत आलेली मला तरी फारशी आठवत नाही. विनोदी कार्यक्रमांत येते, हशा घेते, जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, सगळ्या चॅनेलवर आनंदसोहळे झाले. त्यातही बोलली गेली ती एकच मराठी.

आता पैशाचं. २०१९ पासून नियम आला की ज्याला जे चॅनेल हवं त्यानं तेवढ्याचेच पैसे भरायचे. तेव्हा शंभर चॅनेलचे १३० रुपये होते आणि वर कर. त्यावर सशुल्क चॅनेलचे वेगळे, एकेकाचे तेव्हा १९ रुपयांपर्यंत असायचे. वाटलं, चला, निवड आपल्या हातात आली. प्रत्यक्षात काय झालं? आमच्या केबलवाल्यानं स्वतःच एक गठ्ठा बांधला आणि सगळ्या गल्लीला दिला. गटात विचारलं, तर आपल्या घरी कोणत्या मराठी चॅनेलचे किती पैसे जातात हे फारच थोड्या जणींना सांगता आलं. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण! कितीतरी घरांनी तर सशुल्क चॅनेलचा नाद सोडून फुकटची छत्री लावली. शेमारू मराठीबाणासारखी चॅनेल २०२० मध्ये विनामूल्य म्हणूनच आली.

आणि वर घडतंय ते आणखी मोठं. १४ नोव्हेंबर २०२४ ला स्टार आणि व्हायकॉम१८, म्हणजे ज्या दोन घरांतून आपल्याकडे प्रवाह आणि कलर्स मराठी आले, ती दोन्ही घरं एक झाली. स्पर्धा आयोगानं काही चॅनेल विकण्याच्या अटीवर त्याला आधीच मंजुरी दिली होती. आपल्या दृष्टीनं प्रश्न साधा आहे. आजवर निदान चढाओढ होती. एकीनं कोल्हापूर दाखवलं की दुसरी सातारा शोधायची. ईटीव्हीनं जिल्ह्याच्या बातम्या दिल्या, त्यातून पुढच्यांना धडा मिळाला. चुली कमी झाल्या की पदार्थही कमी होतात. शिवाय मोबाइलवर मालिका बघणाऱ्या सुना वाढल्या आहेत. त्यांचं बघणं त्या घरातल्या यंत्रात धरलं जात नाही.

हे सगळं मी परवाच्या मीटिंगमध्ये समजावून सांगत होते. सबंध देशात वीस कोटींवर घरांत टीव्ही आणि यंत्रं जेमतेम पन्नास-साठ हजार घरांत. ती घरं कोणती हे गुपित ठेवतात. आपली मोजणी ‘महाराष्ट्र-गोवा’ अशी एकत्र होते. यंत्राच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं, टीव्हीसमोर बसताना आपापलं बटण दाबायचं, वगैरे वगैरे. झालं, सगळ्यांचे तर्क सुरू! गावात यंत्र असलंच तर कुणाकडे असेल? सावकाराकडे? डॉक्टरांकडे? काकू इतका वेळ गप्प होत्या. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, ‘‘थे यंत्र आपल्या घरी बसवाले कोनाले सांगा लागते वं? टीव्ही लेकाचा राहू दे, रिमोट सुनेचा राहू दे. माह्यं बटन तेवढं माह्या हाती पाहिजे.’’